पाच घरांचा इंग्रजी शब्द कसा शोधायचा?

‘कोल्हापूर’ या शब्दाला किती घरं लागतात? मराठी शब्दकोडी सोडवणारा माणूस लगेच सांगेल, चार. को, ल्हा, पू, र. तोच शब्द इंग्रजीत भरायला घेतला की आठ घरं होतात. पन्हाळ्याला मराठीत तीन घरं पुरतात, इंग्रजीत सात. रंकाळ्याचंही तेच.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका खोलीत मी इंग्रजीची शिकवणी घेतो. मुलं बहुतेक मराठी माध्यमाची. दर शनिवारी शेवटची वीस मिनिटं शब्दांच्या खेळाला ठेवलेली असतात. फळ्यावर पाच चौकोन काढायचे, एकदोन अक्षरं भरायची आणि बाकीची मुलांनी शोधायची. पहिल्या वर्षी माझा असा समज होता की ज्याचे शब्द जास्त पाठ, तो जिंकणार. तसं होत नव्हतं. शब्दांची वही भरलेली मुलगी अडकून बसायची आणि कधी डिक्शनरी न उघडलेला पोरगा दोन मिनिटांत उत्तर सांगायचा. तो शब्द आठवतच नव्हता. तो घरांकडे बघून कुठलं अक्षर कुठे बसू शकतं ते ताडत होता.

आपल्या मुलांची अडचण नेमकी इथे असते. आपण कानाने शब्द शोधतो. मराठीत जे ऐकू येतं तेच बव्हंशी लिहिलं जातं, त्यामुळे कान दगा देत नाही. ‘नाइट लिही’ म्हटलं की मुलगा एन-आय-टी लिहितो आणि उरलेल्या दोन घरांकडे बघत बसतो. त्या दोन घरांत जी आणि एच असतात, त्यांचा आवाज येत नाही. कोणे एके काळी येत होता. जर्मन भाषेत रात्रीला ‘नाख्ट’ म्हणतात, त्यातला ‘ख’ अजून शाबूत आहे. इंग्रजीतला तो आवाज गेला, पण विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि पुढे छापील स्पेलिंग हळूहळू ठरून गेलं. उच्चार बदलत राहिले, अक्षरं जागच्या जागी राहिली. म्हणून इंग्रजी शब्द शोधताना कान बाजूला ठेवून डोळ्याने काम करायचं.

हा लेख तीन प्रकारच्या लोकांसाठी आहे: मोबाइलवर ‘वर्डल’ हा रोज एक पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा खेळ खेळणारे, अक्षरांच्या सोंगट्या लावून शब्द जुळवायच्या स्क्रॅबलचा पट मांडणारे आणि ‘अमुक अक्षरांपासून शब्द बनवा’ या प्रश्नावर गुण घालवणारी शाळकरी मुलं. लेखात इंग्रजी अक्षरं त्यांच्या नावांनीच लिहिली आहेत. ए म्हणजे पहिलं अक्षर, ई म्हणजे पाचवं, आय म्हणजे नववं. या तिघांत घोटाळा करू नका, सगळी गडबड तिथेच होते.

आधी प्रश्न नीट वाचा

‘पाच अक्षरी, त्यात ए आणि आर’ हे ऐकायला एक वाक्य आहे, पण त्यातून तीन वेगळे प्रश्न निघतात. ए आणि आर कुठेही चालतील का? की त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत? की अमुक जागी ती नाहीत एवढंच माहीत आहे? शिवाय काही अक्षरं बाद झालेली असतात, म्हणजे ती शब्दात नाहीत हे आधीच कळलेलं असतं. माझ्या अनुभवात निम्मी चूक इथेच होते. मुलगा बाद झालेलं अक्षर घालून शब्द काढतो आणि वर माझ्याशी भांडतो, ‘सर, शब्द बरोबर हाय की!’ शब्द बरोबर असतो रे, उत्तर चूक असतं.

कागदावर पाच चौकोन काढा. जागा पक्की असलेलं अक्षर चौकोनाच्या आत लिहा. अक्षर आहे, पण या जागी नाही, असं कळलं असेल तर ते त्या चौकोनाखाली लिहून फुली मारा. बाद झालेली अक्षरं डाव्या कोपऱ्यात एका ओळीत. जुन्या दिनदर्शिकेचं मागचं पान याला उत्तम. डोक्यात ठेवायला जाऊ नका. पाच चौकोन आणि दहा बाद अक्षरं एका वेळी डोक्यात ठेवणारी माणसं असतील, मी त्यांतला नाही.

स्वर मोजा, पण त्यांच्या नादी लागू नका

इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाच: ए, ई, आय, ओ, यू. सहावा अर्धवेळ कामगार म्हणजे वाय. पाच अक्षरी शब्दात यांपैकी एक तरी असणारच, असं धरून चाला. पाचही स्वर बाद झाले की डोळे झाकून वाय घाला. मग निम्फ (एन-वाय-एम-पी-एच), लिम्फ (एल-वाय-एम-पी-एच), क्रिप्ट (सी-आर-वाय-पी-टी), ट्रिस्ट (टी-आर-वाय-एस-टी), जिप्सी (जी-वाय-पी-एस-वाय) असे शब्द समोर येतात. वायसुद्धा नसलेला एक विचित्र शब्द मोठ्या डिक्शनऱ्यांत सापडतो, सी-आर-डब्ल्यू-टी-एच. हे वेल्समधलं एक तंतुवाद्य. वेल्श भाषेत डब्ल्यू हा स्वर असतो. स्क्रॅबल खेळणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा, बाकीच्यांनी विसरला तरी चालेल.

रोजचा खेळ खेळणारे बरेच जण पहिला शब्द ‘अडिऊ’ (ए-डी-आय-ई-यू) टाकतात, कारण त्यात चार स्वर आहेत. मला हे पटत नाही. व्यंजनं म्हणजे शब्दाचा सांगाडा. पटत नसेल तर हे बघा. के-एल-एच-पी-आर एवढंच कुणी लिहिलं तरी आपल्या गावचा माणूस नाव ओळखेल. ओ-ए-यू लिहिलं तर? ते कुठलंही गाव असू शकतं. स्वर कळल्याने शब्द जवळ आल्यासारखा वाटतो, पण येत नाही.

कोणती अक्षरं आधी तपासायची

रोजच्या खेळाची थोडी हकिकत इथे सांगायला हवी, कारण तिचा डावपेचांशी संबंध आहे. ‘वर्डल’ हा खेळ जॉश वॉर्डल नावाच्या सॉफ्टवेअर अभियंत्याने आपल्या जोडीदारासाठी तयार केला. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२२ च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द बारा हजारांच्या आसपास निघतात, पण त्यांतले बहुतेक कुणाच्या ऐकण्यात नसतात. म्हणून त्याच्या जोडीदाराने यादी चाळून ओळखीचे सुमारे अडीच हजार शब्द उत्तरांसाठी निवडले. म्हणजे उत्तर नेहमी ओळखीचं असतं. डिक्शनरीच्या तळातून काढलेला शब्द अंदाज म्हणून चालतो, उत्तर म्हणून तो येण्याची शक्यता फार कमी. साधं अनेकवचनही, म्हणजे चार अक्षरी शब्दाला एस जोडून झालेला पाच अक्षरी शब्द, मूळच्या उत्तरांच्या यादीतून जवळजवळ वगळलेलं होतं.

त्या यादीत सर्वांत जास्त येणारी अक्षरं उतरत्या क्रमाने अशी: ई, ए, आर, ओ, टी, एल, आय, एस, एन, सी. पुस्तकांतल्या मजकुरात क्रम थोडा वेगळा असतो. तिथे टी वर चढतं, कारण ‘द’ हा शब्द प्रत्येक ओळीत येतो. पण आपल्याला मजकूर वाचायचा नाही, शब्द शोधायचा आहे.

आमच्या वर्गात तीन शब्दांची एक साखळी ठरलेली आहे. पहिला स्लेट (एस-एल-ए-टी-ई), दुसरा कॉर्नी (सी-ओ-आर-एन-वाय), तिसरा ह्युमिड (एच-यू-एम-आय-डी). तिन्ही मिळून पंधरा अक्षरं, एकही पुन्हा येत नाही आणि सगळे स्वर वायसकट तपासून होतात. तिसरा शब्द दर वेळी लागतोच असं नाही. पहिल्या दोघांनी रस्ता दाखवला तर तिसरा खिशातच ठेवायचा.

खरंच घडलेला एक डाव सांगतो. फळ्यावरचा गुप्त शब्द मी ठरवला होता. हिरवा म्हणजे अक्षर आणि जागा दोन्ही बरोबर, पिवळा म्हणजे अक्षर आहे पण जागा चुकली, करडा म्हणजे बाद.

मुलांनी स्लेट टाकला. एस हिरवा, ए पिवळा, बाकी एल, टी, ई करडी. मग कॉर्नी. आर पिवळा, बाकी चारही करडी.

आता काय माहीत आहे? पहिल्या घरात एस. ए आहे, पण तिसऱ्या घरात नाही. आर आहे, तोही तिसऱ्या घरात नाही. एल, टी, ई, सी, ओ, एन, वाय बाद. इथे एक मुलगी म्हणाली, ‘सर, आर दुसऱ्या घरात पण बसत नाही. एसला लागून आर येत नाही.’ शाब्बास! इंग्रजीच्या साध्या शब्दांत एस-आर अशी सुरुवात होत नाही. आपला ‘श्री’ त्यांनी उसना घेतला तेवढाच अपवाद. म्हणजे आर चौथ्या घरात किंवा पाचव्या. पाचवं घर धरलं आणि ए चौथ्यात ठेवला, तर शेवट झाला ए-आर. एस, रिकामं, रिकामं, ए, आर. पोरं ओरडायला लागली. ‘सोलर!’ एल आणि ओ बाद. ‘सितार!’ तो शब्द इंग्रजी डिक्शनरीत आहे, एस-आय-टी-ए-आर, पण टी बाद. ‘स्पिअर!’ ई बाद. स्वरांपैकी उरले फक्त यू आणि आय. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘ओ सर, साखर की!’ एस-यू-जी-ए-आर. शुगर.

उसाच्या जिल्ह्यात या शब्दाला इतका वेळ लागला याचं आम्हाला हसू आलं. पण त्याचं कारणही कानच. ‘शुगर’मध्ये श ऐकू येतो, म्हणून पोरं एस-एच शोधत होती. साध्या एसचा शब्दारंभी श होतो असे ओळखीचे शब्द इंग्रजीत शुगर, शुअर एवढेच. त्यातून शुगर म्हणजे आपलीच शर्करा, फारसी-अरबीतून फिरून तिकडे गेलेली.

शेवटचं घर आधी बघा

आपण शब्द डावीकडून सुरू करतो, पण कोडं उजवीकडून लवकर सुटतं. शब्दाची सुरुवात कितीतरी अक्षरांनी होते, शेवट मात्र मोजक्यांनी. पाच अक्षरी ओळखीच्या शब्दांत शेवटच्या घरात सर्वांत जास्त ई येतो, त्याखालोखाल वाय. सुरुवातीला सर्वांत जास्त एस. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

शेवटी ई असेल तर तो बहुतेक वेळा मुका असतो, पण फुकट बसलेला नसतो. तो आधीच्या स्वराला लांबवतो. प्लॅनचा प्लेन होतो तो त्याच्यामुळे. म्हणून शेवटी ई पक्का असेल तर तिसऱ्या घरात स्वर आणि चौथ्यात एकटं व्यंजन हा साचा पहिला तपासा: प्लेट, क्रेन, स्टोन, ब्राइड, फ्लूट. पाच-दहा मिनिटं नुसते या साच्याचे शब्द लिहून बघा, चाळीस तरी होतील.

इंग्रजीची आणखी एक सवय अशी की तिच्या घरच्या शब्दांचा शेवट आय, यू, व्ही, जे या चार अक्षरांवर सहसा होत नाही. व्ही शेवटी येऊ लागला की मागे ई लावला जातो, म्हणून हॅव, गिव्ह, सॉल्व्ह (एस-ओ-एल-व्ही-ई), कर्व्ह (सी-यू-आर-व्ही-ई) या सगळ्यांच्या मागे ई. मग जे किंवा यू शेवटी दिसला तर? तो शब्द बाहेरून आलेला आहे असं समजा. राज (आर-ए-जे) आपल्याकडून गेला, गुरू (जी-यू-आर-यू) आपल्याकडून गेला, हायकू (एच-ए-आय-के-यू) जपानहून आला, खाकी (के-एच-ए-के-आय) हिंदुस्तानातूनच गेला, मूळचा फारसी, धुळीच्या रंगाचा. शेवटचं घर असं विचित्र दिसलं की इंग्रजीत शोधणं सोडून आपल्या घरात शोधायला लागा. धोती (डी-एच-ओ-टी-आय), लाठी (एल-ए-टी-एच-आय), रुपी (आर-यू-पी-ई-ई), क्रोर (सी-आर-ओ-आर-ई) हे सगळे पाच अक्षरी आहेत आणि स्क्रॅबलमध्येही चालतात. शाळकरी मुलांना हे कळलं की इंग्रजीची निम्मी भीती जाते असं मी पाहिलं आहे.

जोड्या

मराठीत जोडाक्षर एका घरात बसतं, इंग्रजीत जोडीला दोन घरं लागतात. म्हणून अक्षरं सुटी शोधू नका, जोड्या शोधा. सुरुवातीला सी-एच, एस-एच, टी-एच, एस-टी, टी-आर, बी-आर, सी-एल, पी-एल, जी-आर. शेवटी एन-डी, एन-टी, एन-जी, सी-के, सी-एच, एस-टी, ई-आर, एल-वाय. काही जोड्यांना एकच दार उघडं असतं. सी-के शब्दाच्या मधे येते, शेवटी येते, सुरुवातीला कधीच नाही. एन-जीचंही साध्या शब्दांत तसंच. सी-एल शेवटी येत नाही. क्यू आला की पुढच्या घरात यू लिहून मोकळे व्हा, अपवाद सगळे अरबी, चिनी वगैरे उसने.

दुसऱ्या घरात एच सापडणं म्हणजे लॉटरीच. पहिल्या घरात मग मोजकीच अक्षरं बसतात: सी, एस, टी, डब्ल्यू, पी. क्वचित जी (घोस्ट, जी-एच-ओ-एस-टी) किंवा आर (राइम, आर-एच-वाय-एम-ई). एखादा डी किंवा के असेल तर तो आपला, धोती आणि खाकी वर आलेच. समजा, दुसऱ्या घरात एच, शेवटी ई, कुठेतरी ए आहे, आणि एस व टी बाद. एसने सुरू होणारे शेप, शेअर, शेक गेले, टीने सुरू होणारे गेले. उरले डब्ल्यू, सी, पी. व्हेल (डब्ल्यू-एच-ए-एल-ई), चेफ (सी-एच-ए-एफ-ई), आणि विज्ञान शिकणाऱ्यांसाठी फेज (पी-एच-ए-जी-ई), म्हणजे जिवाणूंना ग्रासणारा विषाणू. नेहमीच्या वापरातले एवढेच. सव्वीस अक्षरांतून तीन शब्दांवर यायला एक मिनिटही लागत नाही.

अक्षरं सगळी दिली, क्रम दिला नाही

शाळेच्या सराव प्रश्नांत आणि वर्तमानपत्रांतल्या कोड्यांत हा प्रकार जास्त येतो. अक्षरं ओळीत बघू नका. ओळीत बघितलं की डोळा त्याच क्रमात अडकतो. गोलात लिहा.

पी, एल, ए, टी, ई घ्या. आता शेवट बदलत चला. शेवटी ई ठेवला, उरलं पी-एल-ए-टी: प्लेट. शेवटी ए-एल ठेवले, उरलं पी-ई-टी: पेटल, म्हणजे पाकळी. शेवटी टी ठेवला, उरलेल्या चारांतून प्ली होतो, त्याला टी लावून प्लीट, साडीच्या निरीची प्लीट. त्याच चारांतून लीप होतो, टी लावून लेप्ट, म्हणजे उडी मारली. एका मुठीत चार शब्द. असाच दुसरा घराणा ए, एल, ई, आर, टी: अलर्ट, ऑल्टर, लेटर. तिसरा ए, एन, जी, एल, ई: एंजल, अँगल आणि ग्लीन, म्हणजे कापणीनंतर शेतात पडलेले दाणे वेचणे. मराठीत आपण त्याला सरवा वेचणं म्हणतो. अर्थ सांगायला इतका सोपा शब्द मुलांना कधीच येत नाही, कारण तो पाठ्यपुस्तकात येत नाही.

अक्षर दुप्पट असू शकतं हे विसरू नका. शेवटी एल, एस, एफ जोडीने येतात: स्मॉल, क्लास, स्टाफ. सुरुवातीला जोडी जवळजवळ नसते. लामा (एल-एल-ए-एम-ए), दक्षिण अमेरिकेतला तो लोकरीचा प्राणी, सोडला तर फारसं आठवत नाही. एच, जे, क्यू, डब्ल्यू, एक्स, वाय ही मंडळी साध्या शब्दांत अशी दुप्पट होऊन शेजारी बसत नाहीत. चार अक्षरं सापडली आणि पाचवं काही केल्या मिळत नाही, तेव्हा बहुतेक वेळा ते आधीच सापडलेल्यांपैकीच एक असतं.

आठ शब्दांचा चकवा

आता ज्या खड्ड्यात सगळे पडतात तो. शेवटची चार घरं आय-जी-एच-टी अशी पक्की झाली, पहिलं घर रिकामं. आनंद होतो, आता एकच अक्षर! आणि मग फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, एट असे आठ शब्द हात धरून उभे राहतात. सहा प्रयत्नांचा खेळ, दोन आधीच संपलेले. एकेक करून तपासलं तर नशिबावर हवाला.

खासबागेच्या कुस्ती मैदानात एखादा पैलवान एकच डाव पुन्हा पुन्हा टाकायला लागला की बघणारे हसतात. इथेही तेच. एकेक अक्षर तपासणं सोडा, एका शब्दात चार तपासा. उत्तर नसलेला शब्द मुद्दाम टाकायचा: फिल्म्स, एफ-आय-एल-एम-एस. हा उत्तर नाही हे आपल्याला माहीत आहे, तरीही टाकायचा. एफ हिरवा झाला तर फाइट. एल पिवळा तर लाइट. एम पिवळा तर माइट. एस पिवळा तर साइट. चारही करडे निघाले तर उरले नाइट, राइट, टाइट, एट. मग दुसरा मुद्दाम शब्द, एंटर, ई-एन-टी-ई-आर. एन पिवळा तर नाइट, आर पिवळा तर राइट, पहिला ई हिरवा तर एट, यांतलं काहीच नाही तर टाइट. टी सगळ्यांतच आहे, तो पिवळा दिसणारच, त्याने फसू नका. म्हणजे आठांपैकी कुठलाही असो, इथून तिसऱ्या प्रयत्नात हमखास हाती लागतो.

माझ्या वर्गातल्या मुलांना हे पटवायला दोन शनिवार गेले. ‘चूक शब्द मुद्दाम कशाला घालायचा?’ हा त्यांचा सवाल. शाळेने चुकायचं नाही एवढंच शिकवलेलं असतं, चूक वापरायची कशी हे कुठे शिकवतात? फक्त एक लक्षात ठेवा. खेळाच्या सेटिंगमध्ये ‘हार्ड मोड’ चालू असेल तर सापडलेली अक्षरं वापरणं सक्तीचं होतं आणि ही युक्ती चालत नाही. तो बंद ठेवा. कुणी कमी लेखलं तर लेखू दे.

असेच चकवे आणखी आहेत. शेवटी ए-टी-सी-एच आला की वॉच, मॅच, कॅच, हॅच, लॅच, बॅच, पॅच. शेवटी ओ-यू-एन-डी आला की साउंड, राउंड, फाउंड, पाउंड, बाउंड, हाउंड, माउंड, वाउंड. दोन घरं उघडी असतानाच हा धोका ओळखायला शिकलं पाहिजे.

कोणाचं स्पेलिंग?

आपल्या शाळांत ब्रिटिश स्पेलिंग शिकवतात, रोजचा खेळ अमेरिकन. रंगाला आपण सहा अक्षरं शिकलो, अमेरिकेत यू गाळून पाच. म्हणून कलर, ऑनर, ह्यूमर, फेव्हर हे सगळे तिकडे पाच अक्षरी होतात. जानेवारी २०२२ मध्ये फेव्हर हे उत्तर आलं तेव्हा इंग्लंडातले खेळाडू चांगलेच चिडले होते. ओ-यू-आरचे शब्द अडले की यू काढून बघा. उलट मीटर आणि फायबर दोन्हीकडे पाच अक्षरीच, फक्त शेवटच्या ई आणि आरची अदलाबदल.

स्क्रॅबल खेळताना आधी डिक्शनरी ठरवून घ्या, मग सोंगट्या उचला. शंभर सोंगट्यांत ई बारा आहेत, ए आणि आय नऊ-नऊ, क्यू आणि झेड एकेक, किंमत दहा. क्यू आला आणि यू मिळेना तर क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द टाका, चिनी तत्त्वज्ञानातली प्राणशक्ती. हा शब्द आमच्या कट्ट्यावर भांडण लावतो, म्हणून डिक्शनरी आधी ठरवा म्हटलं.

यंत्राची मदत

सगळं करून अडलंच तर छापील डिक्शनरी उपयोगी पडते, पण पहिलं अक्षर माहीत असेल तरच. शेवटचं अक्षर माहीत असून तिचा काही फायदा नाही. त्यासाठी इंटरनेटवर वनलुक नावाची शोध-डिक्शनरी आहे. तिथे माहीत नसलेल्या प्रत्येक घरासाठी एक प्रश्नचिन्ह टाकायचं. दुसऱ्या घरात एच आणि शेवटी ई हवा असेल तर प्रश्नचिन्ह, एच, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह, ई. किती अक्षरं हेच माहीत नसेल तर तारका टाकायची, तिच्या जागी कितीही अक्षरं चालतात. एक्सेलमध्ये शब्दांची यादी असेल तर फिल्टरमध्ये हीच प्रश्नचिन्हं चालतात. शिक्षकांना सराव प्रश्न काढायला हे फार सोयीचं. अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी तर ५,७५७ पाच अक्षरी शब्दांची यादीच करून ठेवली आहे. एका अक्षराच्या फरकाने शब्दावरून शब्दावर कसं जाता येतं हे अभ्यासायला त्यांना ती हवी होती.

मुलांच्या हातात हे यंत्र लगेच देऊ नका. आधी दहा मिनिटं कागद, मग यंत्र. यंत्राने दिलेल्या यादीत स्वतःचे किती शब्द आले ते मोजायला लावा, त्यातच मजा आहे.

सरावाला

पहिलं: पाच अक्षरी, चौथ्या घरात के, शेवटी ई, ए कुठेही, एस बाद. किमान चार काढा. दुसरं: आर, ए, टी, एस, ई एवढीच अक्षरं, तीन शब्द. तिसरं: पाच अक्षरी, स्वर म्हणून फक्त वाय, सुरुवात जीने, आणि जिप्सी नको.

चौथं जरा मोठं आहे. आठ अक्षरी. तीन ओ, त्यांतले दोन शेजारी शेजारी. शेवटी ई. इंग्रजांनी हा शब्द आपल्या मराठीतून उचलला. उसाला तोड लागली की फडातून बाहेर पडतो, रस्ता ओलांडताना गाडीपुढून सुर्रकन जातो आणि सापाला भीत नाही.